बुचाच्या राईत: आलेंतेझूतली भटकंती

बाटलीला लावतात ते बूच म्हणजे एका झाडाची साल. ही साल नऊ वर्षांतून एकदा, तीही उन्हाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत, कुऱ्हाडीने आणि हाताने सोलून काढतात. ते काम चालू असताना बघायचं असेल तर मेअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत पोर्तुगालला जायला हवं. जगातलं जवळजवळ निम्मं बूच तिथे निघतं, आणि त्यातलं बरंचसं देशाच्या दक्षिणेकडच्या आलेंतेझु या कोरड्या, विरळ वस्तीच्या प्रांतात.

2025च्या जूनमध्ये आई-बाबा माझ्याकडे जर्मनीत राहायला आले होते. बाबांची सावंतवाडीजवळ काजू-आंब्याची बाग आहे. चर्च आणि राजवाडे बघताना ते अर्ध्या तासात बाकडं शोधतात, पण झाड दिसलं की त्यांचा पाय निघत नाही. म्हणून लिस्बनला जायचं ठरल्यावर मी एव्होराहून निघणारी एक दिवसाची बुचाची सहल आधीच शोधून ठेवली.

आदल्या दिवशी: एव्होरा

लिस्बनहून रेल्वेने एव्होरा साधारण दीड तास. गाड्या दिवसाला मोजक्याच असतात, त्यामुळे वेळापत्रक बघूनच निघा. 65 वर्षांवरच्या प्रवाशांना पोर्तुगीज रेल्वेत अर्धं तिकीट पडतं, परदेशी असले तरी. पासपोर्ट जवळ ठेवायचा.

एव्होरा हे तटबंदीच्या आतलं पांढरं गाव. घरांना चुन्याचा पांढरा रंग आणि दारं-खिडक्यांभोवती पिवळे पट्टे. सोळाव्या शतकातला उंच जलसेतू थेट गावात शिरतो आणि एका गल्लीत त्याच्या कमानींच्या पोटात लोकांनी घरं बांधली आहेत. एका कमानीत दार, दुसरीत खिडकी, वर दगडी पाट. आईला गावात सर्वांत आवडलं ते हेच. संध्याकाळी चौकाजवळच्या दुकानांतून फिरलो. बुचाच्या पर्स, टोप्या, चपला, छत्र्या, पोस्टकार्डं. बाबांनी एक पाकीट उलटसुलट करून बघितलं, नखाने दाबलं आणि परत ठेवलं. त्यांना आधी झाड बघायचं होतं.

सहल ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्या. त्या दिवशी प्रत्यक्ष सोलणी चालू असेल का, आणि कारखाना बघायला मिळेल का? शनिवार-रविवारी कारखाने बंद असतात. अनेक सहली नुसती झाडं दाखवून दुकानात नेऊन सोडतात.

पहाट: राई

साडेसहाला गाडी आली. आमची वाटाड्या तिशीतली, याच भागातली मुलगी. आजोबा सोलणीच्या टोळीत होते, असं तिने पहिल्याच पाच मिनिटांत अभिमानाने सांगितलं. एवढ्या लवकर निघायचं कारण म्हणजे कामगार उजाडताच सुरुवात करतात आणि ऊन चढलं की दुपारी आवरतात.

गाव संपलं की लगेच राई लागते. तिथे तिला मोंतादु म्हणतात. जंगल म्हणावं तर झाडं एकमेकांपासून लांब लांब, आणि शेत म्हणावं तर जमिनीत नांगराच्या सरी नाहीत. खाली वाळलेलं पिवळं गवत, सावलीला मेंढ्या, आणि वर गर्द हिरवे ओक. या ओकला सोब्रैरु म्हणतात. आपल्याकडे पुण्यात रस्त्याकडेला पांढऱ्या सुवासिक फुलांची बुचाची झाडं असतात, ती वेगळी. त्यांच्या सालीचं हलक्या प्रतीचं बूच करत, एवढाच त्यांचा या झाडाशी संबंध.

प्रत्येक बुंध्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा होता. कुठे 8, कुठे 1, कुठे 3. साल शेवटची कोणत्या वर्षी काढली त्या सनाचा तो शेवटचा आकडा. दोन सोलण्यांमध्ये किमान नऊ वर्षं जाऊ द्यायची असा कायदा आहे, त्यामुळे त्या वर्षी 6 आकड्याच्या झाडांची पाळी होती, म्हणजे 2016 साली सोललेल्या. काही बुंधे काळसर करडे, काही विटकरी, तर काही गडद तांबडे. रंगावरून साधारण वर्ष ओळखता येतं, असं वाटाड्या म्हणाली. पुढच्या वळणापासून बाबा आकडा वाचण्याआधी रंगावरून अंदाज करायला लागले.

टोळी एका उतारावर होती. दहा-बाराजण, सगळे जोडीने काम करणारे. एक शिडी लावून वर, एक खाली. कुऱ्हाडीचं पातं पसरट आणि धारदार, दांड्याचं टोक पाचरीसारखं निमुळतं. सालीतली सर्वांत खोल उभी भेग शोधून तिच्यावर घाव घालतात. घाव बसला की पातं थोडं पिळतात, म्हणजे बूच आतल्या सालीपासून सुटायला लागतं. वर बुंध्याभोवती आडवी रेघ मारतात. मग दांड्याचं टोक फटीत घालून पट्टा हळूहळू उचकटतात. सुटताना जाड तरट फाटल्यासारखा लांब, पोकळ आवाज येतो. तो आवाज आला तर पट्टा अखंड निघणार. तुटक, कोरडा आवाज आला तर झाड अजून तयार नाही, आणि तिथे जबरदस्ती करायची नाही.

सगळं कसब आहे ते घाव कुठे थांबवायचा यात. बुचाच्या आत एक जिवंत थर असतो आणि नवं बूच तोच तयार करतो. कुऱ्हाड त्यात शिरली तर तिथे जखम राहते, पुढचं बूच वेडंवाकडं येतं, कीड शिरते. उन्हाळ्यात हा थर जोमाने वाढत असतो, म्हणून साल सहज सुटते. थंडीत ती चिकटून बसते. पाऊस आला किंवा फार कोरडं वारं सुटलं तर काम थांबवतात.

बाबा बराच वेळ एकाच जोडीकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "हात चुकलो काय झाड गेला." मी भाषांतर करून सांगितलं, तेव्हा शिडीवरच्या साठीतल्या माणसाने मान हलवली आणि बाबांना बोटाने जवळ बोलावलं. नुकत्याच उघड्या झालेल्या बुंध्यावर त्याने बाबांचा तळवा टेकवला. मीही हात लावला. बाहेर ऊन तापायला लागलं होतं, पण बुंधा गार आणि ओलसर होता. रंग फिकट, गुलाबीकडे झुकणारा. थोड्याच वेळात तो पिवळट-तांबूस व्हायला लागला. खालून एकजण रंगाचा डबा घेऊन आला आणि त्याने बुंध्यावर पांढरा 5 काढला.

नंतर झाडाखाली बसून वाटाड्याने जो हिशेब सांगितला, तो मला या सहलीतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. झाड लावल्यापासून पहिली सोलणी साधारण 25 वर्षांनी. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर 70 सेंटीमीटर झाल्याशिवाय कायद्याने हात लावता येत नाही. हे पहिलं बूच खडबडीत आणि कडक, बाटलीच्या कामाचं नाही. नऊ वर्षांनी दुसरं, तेही नाही. आणखी नऊ वर्षांनी जे तिसरं निघतं, ज्याला अमादिया म्हणतात, त्याचं बाटलीचं बूच होतं. म्हणजे 43 वर्षं. किती उंचीपर्यंत सोलायचं यालाही मर्यादा आहे. पहिल्या वेळी घेराच्या दुप्पट, दुसऱ्या वेळी अडीचपट, पुढे तिप्पट. झाड मात्र दोनशे वर्षांपर्यंत जगतं आणि तोपर्यंत पंधराहून जास्त वेळा साल देतं.

काजू तीन-चार वर्षांत धरतो, आंब्याचं कलम पाच-सहा वर्षांत. बाबांचा प्रश्न सरळ होता. "मगे तवसर खावचा काय?"

उत्तर आमच्या आजूबाजूलाच होतं. राईत मेंढ्या, गायी आणि काळी डुकरं चरतात. हिवाळ्यात ओकची फळं पडतात, ती डुकरांचं खाणं. मध निघतो, अळंबी निघतात, फांद्यांचा कोळसा होतो. आणि मालकाकडे वेगवेगळ्या आकड्यांची झाडं असतात, त्यामुळे बहुतेक वर्षी काही ना काही सोलणी निघते. बाबांना हे पटलं. बागेत एकाच पिकावर भिस्त ठेवू नये, हे ते मला लहानपणापासून सांगत आले आहेत.

डिसेंबर 2011 मध्ये पोर्तुगालने सोब्रैरुला राष्ट्रीय वृक्ष जाहीर केलं. परवानगीशिवाय हे झाड तोडता येत नाही, मग ते स्वतःच्या जमिनीत का असेना. तरी परवानग्या मिळतात. 2023 मध्ये सिनेशजवळच्या एका पवनऊर्जा प्रकल्पासाठी सरकारने 1,821 झाडं तोडायला मंजुरी दिली, तेव्हा देशभर संताप झाला होता. वाटाड्या याबद्दल बोलताना पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. पर्यायी लागवडीची अट आहे हे खरं, पण आज लावलेल्या रोपाचं चांगलं बूच बघायला कोण असणार, हा तिचा प्रश्न मला बिनतोड वाटला. दुष्काळ आणि मुळांना लागणारा रोग हे धोके वेगळेच. सोलणीचं काम शेतीकामांत चांगल्यापैकी मजुरीचं, तरी शिकायला तरुण पोरं येत नाहीत. आमच्या टोळीत तिशीच्या आतला एकच मुलगा होता.

कपड्यांबद्दल: पूर्ण बुटं आणि लांब विजार घाला, वाळलेलं गवत टोचतं. टोपी हवीच, आणि माणशी दीड-दोन लिटर पाणी. आम्ही गेलो तेव्हा दुपारचं तापमान पस्तिशीच्या पुढे होतं. पुढे जूनच्या 29 तारखेला याच एव्होरा जिल्ह्यातल्या मोरा इथे 46.6 अंश नोंदवलं गेलं. वडीलधारी माणसं सोबत असतील तर जूनचा पूर्वार्ध बरा.

वाटेत: अल्मेंद्रेसचे दगड

कच्च्या रस्त्याने ग्वादालुप गावापलीकडे गेलो की याच ओकच्या झाडीत एका उतारावर नव्वदहून जास्त उभे दगड आहेत. अंडाकृती, माणसाच्या उंचीचे. सर्वांत जुने सात हजार वर्षांपूर्वीचे, म्हणजे इंग्लंडच्या स्टोनहेंजच्याही खूप आधीचे. 1960च्या दशकापर्यंत ते झुडपांत दडलेले होते. तिकीट नाही, कुंपण नाही, आणि त्या वेळी आमच्याशिवाय तिथे कोणीच नव्हतं. आई एका दगडाच्या सावलीत बसली आणि तिने डब्यातली चिक्की काढली.

दुपार: असोर्दा आणि गाणं

जेवण एका खेड्यातल्या साध्या खानावळीत होतं. भिंतीला टांगलेला बुचाचा डबा दिसला. झाकण आणि दांडा असलेला, वरून गुळगुळीत. त्याला तार्रु म्हणतात. मेंढपाळ आणि शेतमजूर सकाळी त्यात गरम जेवण घेऊन निघायचे आणि दुपारपर्यंत ते गरमच राहायचं. शेजारी बुचाचीच पळी होती, कोशु. झऱ्याचं पाणी प्यायला ती झऱ्यावरच टांगलेली असायची. बुचाच्या आत हवेचे बारीक बारीक कप्पे असतात, त्यामुळे उष्णता पलीकडे जात नाही. मधमाश्यांची पोळीही पूर्वी बुचाच्या नळकांड्यांत ठेवत.

आईने मांस-मासे नको म्हणून सांगितलं होतं. तिच्यासाठी असोर्दा आली. लसूण, मीठ आणि भरपूर कोथिंबीर खलबत्त्यात कुटायची, त्यावर ऑलिव्हचं तेल, वरून उकळतं पाणी, त्यात शिळ्या पावाचे तुकडे आणि एक अंडं. एवढंच. गरिबांच्या घरातलं, उरलेला पाव संपवायचं जेवण. युरोपात इतके आठवडे कोथिंबिरीवाचून काढल्यावर आई त्या वासानेच खूश झाली. खानावळीच्या बाईंनी तिला आत नेऊन खलबत्ता दाखवला. आई बाहेर येऊन म्हणाली, "खोबरा घातला असता तर आपला वाटपच झाला असता." मग मेंढीच्या दुधाचं खारट चीज, ऑलिव्ह आणि गार कलिंगड.

शाकाहारींनी "सें कार्ने, सें पैश" म्हणायचं, म्हणजे मांस नको, मासे नको. असोर्दात बऱ्याचदा खारवलेला मासा घालतात, म्हणून मागवतानाच सांगा.

सहलीच्या कार्यक्रमात नसलेली एक गोष्ट इथे घडली. कोपऱ्यातल्या टेबलावर पाच-सहा म्हातारे बसले होते. जेवण आटोपल्यावर त्यांच्यातला एक अचानक गायला लागला. एकट्याने, सावकाश, डोळे समोर भिंतीवर. एक कडवं झाल्यावर दुसऱ्याने वरच्या पट्टीत ओळ उचलली आणि मग सगळे एकदम. वाद्य एकही नाही. हे कांते आलेंतेझानु. शेतात आणि खाणीत राबणाऱ्या माणसांचं गाणं, 2014 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेलं. शब्द कळत नव्हते. वाटाड्या हळू आवाजात सांगत होती की हे गाणं गाव सोडून गेलेल्या माणसाचं आहे. खानावळीच्या बाई हातातला कपडा तसाच धरून दारात थांबल्या होत्या. गाणं संपल्यावर टाळ्या आम्हीच वाजवल्या. त्यांना त्याचं नवल वाटलं असावं, कारण त्यांनी हसून आमच्याकडे बघितलं आणि लगेच पुढचं गाणं धरलं. आम्ही कारखान्यात अर्धा तास उशिरा पोचलो आणि त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

तिसरा प्रहर: आझारुझाचा कारखाना

आझारुझा हे एव्होराच्या ईशान्येचं छोटं गाव, बुचावरच वाढलेलं. कारखान्याच्या आवारात सालीचे पट्टे घरभर उंचीच्या थप्प्यांत रचलेले. किमान सहा महिने ते ऊन-पावसात असेच राहतात. मग तासभर उकळत्या पाण्यात. त्याने किडे मरतात, साल फुगते, मऊ होते, आणि बुंध्याचा बाक जाऊन पट्टा सपाट होतो.

पुढच्या खोलीत निवड चालू होती. एक बाई पट्टा उचलत, कडेवरून नजर फिरवत, अंगठ्याने जाडी चाचपत आणि ठरावीक ढिगात टाकत. एका पट्ट्याला दोन-तीन सेकंद. पट्ट्याच्या कडेला वर्षांच्या रेघा स्पष्ट दिसतात, पावसाच्या वर्षी रुंद, दुष्काळात बारीक. वाटाड्याने एक तुकडा हातात देऊन आम्हाला रेघा मोजायला लावल्या. आईच्या मोजणीत बरोबर नऊ आल्या.

जाड पट्ट्याच्या फिती कापून यंत्राने त्यांतून एकेक बूच छेदून काढतात, झाड जसं उभं होतं त्याच दिशेत. पातळ पट्ट्याच्या चकत्या शॅम्पेनच्या बुचाच्या टोकाला चिकटवतात. उरलेल्या चाळणीसारख्या जाळीचा चुरा होतो आणि त्यापासून फरशा, भिंतीचे तक्ते. काळे तक्ते तर बिनगोंदाचे. वाफेच्या उष्णतेने बुचातलंच राळेसारखं द्रव्य सुटतं आणि दाणे एकमेकांना धरतात. शेवटी जी धूळ उरते ती बॉयलरमध्ये जाळतात. फेकून द्यायला काहीच उरत नाही.

कोपऱ्यात सूक्ष्मदर्शक ठेवलेला होता. 1665 मध्ये रॉबर्ट हूकने बुचाचीच चकती बघून त्या कप्प्यांना सेल हे नाव दिलं. शाळेत जीवशास्त्राच्या पुस्तकात पाहिलेलं ते चित्र इथे प्रत्यक्ष दिसलं. एका घन सेंटीमीटरमध्ये सुमारे 4 कोटी पेशी आणि त्यांत हवा, म्हणून बूच दाबलं जातं आणि पुन्हा फुगतं.

दाखवणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, तुमच्याकडे बूच कशाला वापरतात? बाबांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, क्रिकेटच्या चेंडूला. त्या गृहस्थांना क्रिकेट माहीत नव्हतं. बाबांनी कागदावर चेंडूचा छेद काढून दाखवला: मधे बूच, त्यावर दोरा, वर कातडं. त्यांनीही मग फळीवरून बॅडमिंटनच्या फुलाचा बुचाचा बुडखा काढून दिला, आणि अमेरिकेच्या अंतराळयानांच्या उष्णतारोधक आवरणात बूच वापरल्याचं सांगितलं. दोन म्हातारी माणसं भाषेवाचून पंधरा मिनिटं बोलत होती आणि माझी गरज फारशी उरली नव्हती.

बूच विकत घ्यायचं तर गावातल्या कारागिराकडून घ्या. आम्ही एका घरवजा कार्यशाळेतून तार्रु घेतला. तो सालीच्या एकसंध तुकड्याला बाक देऊन, लाकडी खिळे ठोकून करतात. दुकानातल्या बऱ्याच पर्सना कापडावर चिकटवलेला कागदाइतका पातळ थर असतो. त्या वाईट नाहीत, पण किमतीत तो फरक दिसायला हवा.

दुसऱ्या दिवशी: सिंत्रा, बुचाचा मठ

लिस्बनला परतल्यावर सिंत्राला गेलो, पण राजवाड्यांसाठी नाही. डोंगरात कापूशु साधूंचा मठ आहे. 1560 मध्ये दों आल्वारु द काश्त्रुने तो आपल्या वडिलांच्या इच्छेनुसार बांधला. वडील म्हणजे दों जुआंव द काश्त्रु, गोव्याचे व्हाइसरॉय. 1546 मध्ये दीवचा वेढा त्यांनी उठवला. किल्ला पुन्हा बांधायला गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागताना दाढीचे केस तारण म्हणून पाठवले, अशी त्यांची कथा सांगतात. जून 1548 मध्ये ते गोव्यातच वारले. जुन्या गोव्याच्या संग्रहालयात व्हाइसरॉयांची जी चित्रं आहेत, ती मालिका त्यांनीच सुरू केली. बाबांनी ती पाहिलेली होती, नाव सांगताच त्यांना ओळख पटली.

मठ डोंगराच्या खडकांत शिरलेला, धुक्याने ओला. खोल्या इतक्या लहान की आडवं झाल्यावर पाय भिंतीला लागावेत. दारं कमरेत वाकून शिरण्याएवढी. आणि दारं, छतं, भिंतींचे काही भाग बुचाने मढवलेले. श्रीमंती थाट नको, पण ओल आणि थंडी तर अडवायला हवी, त्याला हा उपाय. 1834 मध्ये पोर्तुगालमध्ये धार्मिक संघ बरखास्त झाले, तोपर्यंत साधू इथे राहत होते. एका दारापाशी बाबांनी साल निरखली. "ही पहिल्या सोलणीची," ते म्हणाले. खडबडीत, खोल भेगांची, बाटलीला न चालणारी. आदल्या दिवशी शिकलेलं त्यांनी लगेच वापरलं होतं.

मठ सिंत्रा स्टेशनपासून आठेक किलोमीटर. बसची सोय बेताची आहे, टॅक्सी ठरवताना परतीचंही बोलून घ्या. पावसाळी जोडे घाला, पायवाट निसरडी असते.

एक ठिकाण मात्र राहून गेलं. सेतूबालच्या बाजूला आग्वाश द मोउरा गावात 1783 मध्ये लावलेला सोब्रैरु आहे. फांद्यांत पक्ष्यांचा इतका किलबिलाट असतो की त्याला शीळ घालणारं झाड म्हणतात. 2018 मध्ये त्याला युरोपातला वर्षाचा वृक्ष हा मान मिळाला, आणि 1991च्या एकाच सोलणीत त्याने 1,200 किलो बूच दिलं होतं. लिस्बनहून भाड्याची गाडी घेऊन एव्होराला जाणार असाल तर ते वाटेवरच आहे, थोडी वाट वाकडी करून जरूर थांबा.